क्वार्टर गार्डमधल्या जवानाची विचारपूस कोणी करायची?

जवानाला वीरमरण आलं तर काय करायचं हे गावाला ठाऊक असतं. पदक मिळालं तरी ठाऊक असतं. कमान उभी राहते, ढोल-ताशे येतात. पण त्याच्याच पलटणीने त्याला अटकेत ठेवलं आहे असं कळलं की घरातलं बोलणंच बंद होतं. बातमीही बहुधा एखाद्या दोस्ताच्या फोनवरून आणि अर्धवट येते: ‘आत घेतलंय, पण तुम्ही इकडे फोन करू नका, उगाच वाढेल.’ घरचे तो सल्ला मानतात. विचारलं तर साहेब चिडतील, शिक्षा वाढेल, गावात अब्रू जाईल, हे भय समजण्यासारखं आहे. तरीही ते आतल्या माणसाच्या विरोधातच काम करतं. आपल्या लष्करी कायद्यात कोठडीतल्या जवानासाठी संरक्षणं आहेत आणि कागदावर ती बरी आहेत. मात्र त्यातलं जवळजवळ प्रत्येक संरक्षण म्हणजे खालच्या अधिकाऱ्याने वरच्या अधिकाऱ्याला पाठवायचा अहवाल. बाहेरून विचारणारं कोणी नसलं की असे अहवाल सवयीने लिहिले जातात आणि सवयीनेच वाचले जातात. म्हणून अटकेतल्या जवानाची रीतसर, लेखी आणि चिकाटीने विचारपूस करणं यात शिस्तभंग नाही. कायदा चालावा म्हणून ती लागतेच, असं माझं म्हणणं आहे.

आधी ही कोठडी असते तरी कशी ते पाहू. युनिटच्या दारातच क्वार्टर गार्ड असतो. झेंडा, संत्री, तासातासाला टोल देणारी पितळी घंटा असा सगळा रुबाब तिथे असतो, आणि कोठडीही तिथेच असते. अटक झालेल्या जवानाला ‘क्लोज अरेस्ट’मध्ये या पहाऱ्यात ठेवतात. ‘ओपन अरेस्ट’ असेल तर ठरवून दिलेल्या हद्दीत फिरता येतं. लष्कर अधिनियम, १९५० प्रमाणे आरोप असलेल्या जवानाला कोणताही वरिष्ठ कोठडीत पाठवू शकतो. मात्र पाठवणाऱ्याने गुन्ह्याचा सही केलेला लेखी तपशील शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत ४८ तासांच्या आत, ज्याच्या ताब्यात माणूस दिला त्याला द्यायचा असतो. कमांडिंग ऑफिसरला, म्हणजे सीओंना, अटकेची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत आरोपाची चौकशी सुरू व्हावी अशी अपेक्षा आहे. यात रविवार आणि सुट्ट्या धरायच्या नाहीत, आणि सेवेच्या दृष्टीने चौकशी शक्यच नव्हती असं सीओंना वाटलं तर मुदत लांबते, पण तसं कारण वर कळवावं लागतं. आठ दिवस उलटूनही कोर्ट मार्शल बसलं नाही तर खास अहवाल जातो आणि पुढे दर आठ दिवसांनी तसाच दुसरा. दोन महिन्यांच्या पुढे ठेवायचं तर लष्करप्रमुखांच्या पातळीवरची मंजुरी लागते, तीन महिन्यांच्या पुढे केंद्र सरकारची. विनाकारण कोणाला अटकेत सडवणं हा त्याच कायद्यात ५० व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. हे कलम किती जवानांच्या घरी माहीत असेल?

नागरी कायद्याशी तुलना केली की या व्यवस्थेतला कच्चा दुवा दिसतो. पोलिसांनी धरलेल्या साध्या माणसाला प्रवास वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. मॅजिस्ट्रेट पोलिसांच्या हाताखालचा नसतो, त्याची बढती ठाणेदाराच्या शेऱ्यावर अवलंबून नसते. लष्करात हा बाहेरचा माणूसच नाही. संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैन्यातल्या लोकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा संसदेला दिली आहे, आणि त्या मुभेचा हा एक परिणाम. अटक करणारा, चौकशी करणारा, अहवाल लिहिणारा आणि अहवाल वाचणारा हे सगळे एकाच शिडीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे असतात. ते वाईट असतात असं मुळीच नाही. बहुसंख्य सीओ आपल्या जवानांची बापासारखी काळजी घेतात. पण रचना माणसाच्या चांगुलपणावर सोडलेली असली की चांगला माणूस बदलून गेल्यावर काय, हा प्रश्न उरतोच.

शिक्षेच्या बाबतीत हे अधिकच ठळक होतं. जवानाची टोपी आणि पट्टा काढून त्याला सीओंपुढे ‘मार्च अप’ करतात. आरोप वाचला जातो, साक्षीदार बोलतात, जवानाला त्यांची उलटतपासणी करण्याचा आणि आपले साक्षीदार आणण्याचा हक्क असतो, पण टोपी-पट्ट्याविना सावधान उभा असलेला पोरगा तो हक्क कितपत वापरत असेल याची कल्पना करता येते. तिथल्या तिथे सीओ त्याला २८ दिवसांपर्यंत कैद देऊ शकतात. जवानांच्या बोलीत याला ‘अठ्ठावीस दिवस आर. आय.’, म्हणजे सक्त कैद, म्हणतात. नायक, हवालदार अशा हुद्देदारांना ही शिक्षा अशी देता येत नाही. तिच्या वरची पायरी समरी कोर्ट मार्शलची. तिथेही न्यायालय म्हणजे एकटे सीओ. शेजारी दोन अधिकारी किंवा कनिष्ठ आयुक्त अधिकारी (जेसीओ) बसलेले असतात, पण ते शपथ घेत नाहीत, मत देत नाहीत. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरचे असतील तर एक वर्षापर्यंत कैद आणि बडतर्फीही देऊ शकतात, आणि तिची अंमलबजावणी कोणाच्या शिक्कामोर्तबाची वाट न पाहता लगेच होऊ शकते. १८५७ नंतरच्या अविश्वासातून जन्मलेली ही पद्धत आहे. गोऱ्या अधिकाऱ्याला देशी शिपायांवर झटपट जरब बसवता यावी म्हणून. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की हे हत्यार अपवाद म्हणून, खरोखर तातडी असेल तेव्हाच वापरायचं. ते सांगण्याची वेळ आली यातच व्यवहारात काय चाललं होतं ते आलं.

एका निकालात ही सगळी रचना जवळून पाहायला मिळते. रणजित ठाकूर हे सिग्नल्सचे जवान. आपल्या वरिष्ठाकडून छळ होतो अशी तक्रार त्यांनी मधल्या पायऱ्या ओलांडून थेट वर पाठवली. तक्रार पाठवण्याची रीत मोडली म्हणून त्याच वरिष्ठाने त्यांना २८ दिवसांची कैद दिली. ती भोगत असताना, २९ मे १९८५ रोजी, ड्यूटीवरच्या सुभेदाराने जेवण्याचा हुकूम केला आणि ते जेवले नाहीत. एवढाच गुन्हा: ताट नाकारलं. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल बसलं. न्यायासनावर कोण? ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती तेच. एक वर्ष सक्तमजुरी, नोकरीतून बडतर्फ आणि रवानगी तेजपूरच्या नागरी तुरुंगात. उच्च न्यायालयाने याचिका दारातूनच परत पाठवली. शेवटी १५ ऑक्टोबर १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळी कारवाई रद्द केली. न्यायासनावरच्या अधिकाऱ्याला हरकत आहे का, हे आरोपीला विचारलंच नव्हतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यानेच न्याय करायचा म्हणजे पक्षपाताची रास्त शंका. आणि न जेवल्याबद्दल वर्षभर कैद नि नोकरी गमावणं ही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने कुठल्या कुठे. त्यांना सर्व लाभांसह परत घ्या, असा आदेश झाला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल ‘शिक्षेचं प्रमाण’ या विषयासाठी शिकवतात. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या २८ दिवसांत आणि त्या एका रात्रीत वरकरणी सगळं नियमाच्या चौकटीत चाललं होतं, कागद तयार होत होते, सह्या होत होत्या. आणि ती साखळी थांबवील असा एकही माणूस तिच्या आत नव्हता. थांबवली ती बाहेरच्यांनी, आणि तोवर जवळजवळ अडीच वर्षं गेली होती.

मग बाहेरच्यांनी वेळेत काय करायचं? नियमांत एक तरतूद आहे, तिचं नावच मोठं आपुलकीचं आहे: ‘अभियुक्ताचा मित्र’. लष्कर नियम, १९५४ मधल्या १२९ व्या नियमाप्रमाणे समरी कोर्ट मार्शलमध्ये जवानाला आपल्या मदतीला एक माणूस बसवता येतो, मग तो वकील असो वा दुसरा कोणी. हा मित्र सल्ला देऊ शकतो, साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारावा ते सुचवू शकतो. पण स्वतः प्रश्न विचारू शकत नाही, न्यायालयापुढे बोलू शकत नाही. कानात सांगायचं, तोंड जवानाचं. अर्धीच मदत आहे, पण टोपी-पट्टा काढून उभ्या केलेल्या माणसाला आपल्या बाजूचं एक माणूस शेजारी दिसणं ही किरकोळ गोष्ट नाही. जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये तर वकील पूर्णपणे उभा राहू शकतो आणि बचाव अधिकारीही मिळतो. बचावाच्या तयारीसाठी आपल्या साक्षीदारांशी, बचाव अधिकाऱ्याशी, मित्राशी किंवा वकिलाशी मोकळेपणाने संपर्क ठेवण्याचा हक्क आरोपीला आहे, आणि खटला सुरू होण्याआधी किमान ९६ तास आरोपपत्र हातात पडलं पाहिजे. प्रत्यक्ष मोहिमेवर असेल तर २४ तास. हे हक्क मागावे लागतात. आतला जवान मागायला कचरतो, म्हणून घरच्यांनी सीओंच्या नावाने सभ्य भाषेत, रजिस्टर्ड पोस्टाने पत्र लिहावं: अटक कोणत्या तारखेला, कोणत्या कलमाखाली, आरोपाचा लेखी तपशील दिला का, आठ दिवसांचा अहवाल गेला का, वकिलाची भेट कधी होईल. आरोप खोटा आहे की खरा यावर त्या पत्रात एक शब्दही लिहू नये. गुन्ह्याबद्दल घरच्यांना जे माहीत असतं ते ऐकीव असतं, आणि ऐकीव मजकूर आरोपीवरच उलटतो. तारखांचे प्रश्न मात्र कोणावर उलटत नाहीत, आणि ज्याने उत्तर द्यायचं त्याला ती फाइल एकदा उघडावी लागते.

पैशाची बाजू लोक विसरतात. खटला चालू असताना पगार-भत्ते पूर्ण किंवा काही अंशी रोखण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. पुढे दोषी ठरला तर कोठडीतल्या दिवसांचा पगारही कापला जातो. म्हणजे घरकर्जाचा हप्ता, मुलांची फी, आईचं औषध हे सगळं त्याच महिन्यात लटकतं ज्या महिन्यात वकील शोधायचा असतो. बडतर्फी झाली तर पेन्शनवर पाणी सोडावं लागतं, आणि जवानाची पेन्शन पंधरा वर्षांच्या नोकरीवर असल्यामुळे तेराव्या-चौदाव्या वर्षी झालेली शिक्षा कुटुंबाला आयुष्यभर पुरते. इथे एक जुनी लढाई आठवण्यासारखी आहे. खटल्याआधी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा व्हावेत ही सवलत साध्या कैद्याला १९७३ च्या फौजदारी संहितेने दिली होती. कोर्ट मार्शल झालेल्याला ती लागू नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ठरवलं. संसदेने १९९२ मध्ये लष्कर अधिनियमात १६९-अ हे कलम घालून ती उणीव भरून काढली. शिस्त त्यामुळे ढासळली असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

महाराष्ट्रात, विशेषतः सातारा, सांगली, कोल्हापूरच्या ज्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या भरती होते तिथे, सगळ्यात नेहमीचा प्रसंग बंडाचा किंवा चोरीचा नसतो. सुट्टी संपून गेली आणि पोरगा परत गेला नाही, हा असतो. वडील आजारी, शेताचा वाद, नवराबायकोचं भांडण, कधी नुसतं मन उडालेलं. घरचे मायेपोटी त्याला आणखी चार दिवस ठेवून घेतात, आणि मदत म्हणून केलेलं हे सर्वांत घातक ठरतं. परवानगीशिवाय गैरहजेरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तीस दिवस उलटले की चौकशी न्यायालय बसून त्याला पळपुटा ठरवता येतं, युनिटकडून जिल्हा पोलिसांकडे त्याला पकडण्यासाठी कागद येतो, आणि पलायनाचा आरोप सिद्ध झाला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. मोहिमेवरून पळाला असेल तर कायद्यात मृत्युदंडसुद्धा लिहिलेला आहे. अशा वेळी खरा आधार म्हणजे सरकारी दवाखान्याच्या कागदांसह सुट्टी वाढवण्याचा अर्ज वेळेत पाठवणं, आणि तो नामंजूर झाला तर पोराला आपल्या हाताने स्टेशनवर नेऊन गाडीत बसवणं. स्वतःहून हजर झालेला आणि पोलिसांनी पकडून आणलेला, यांच्याकडे सीओ एका नजरेने पाहत नाहीत. आणि समजा चारदा लाल शाईच्या, म्हणजे शिक्षेच्या, नोंदी झाल्या, तरी केवळ त्या आकड्यावर घरी पाठवता येत नाही, त्या जवानाची नोकरी आणि परिस्थिती समग्र पाहावी लागते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि वजनदार आक्षेप असा की सैन्य हे कचेरी नाही. तिथे हुकूम ताबडतोब पाळला गेला नाही तर माणसं मरतात, आणि प्रत्येक अटकेवर वकील-नातेवाईक यायला लागले तर सीओंचा धाक काय राहील? यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. शिक्षा झटपट व्हावी, सीओंकडे अधिकार असावेत, हेही मान्य. पण धाक शिक्षेच्या खात्रीतून येतो. माणूस किती दिवस विचारपूस न होता आत राहिला यातून येत नाही. १९८२ मध्ये पृथ्वीपाल सिंग बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोर्ट मार्शलवर एकसुद्धा अपील नाही याबद्दल खेद व्यक्त केला होता. अपील आलं तर सैन्य खिळखिळं होईल, असं तेव्हाही म्हटलं जायचं. २००७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला, २००९ पासून न्यायाधिकरण चालू आहे, मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे, आणि लष्करी कोठडीतल्या माणसाला जामीन देण्याचा अधिकारही त्याला आहे. सैन्य आहे तिथेच आहे. उलट, या कायद्यातही एक भोक ठेवलेलं आहे: समरी कोर्ट मार्शलची शिक्षा बडतर्फीची किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैदेची नसेल तर न्यायाधिकरणाचा दरवाजा बंद. सर्वांत लहान जवानाच्या सर्वांत नेहमीच्या शिक्षेला उरतो तो वरिष्ठांकडे अर्ज आणि उच्च न्यायालयाची महागडी वाट.

दुसरा आक्षेप: आरोप गंभीर असेल तर? कोणी साथीदारावर गोळी झाडली असेल, स्त्रीवर अत्याचार केला असेल, तर त्याला कसला आधार? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. रीतसर वागणूक मागणं म्हणजे निर्दोष असल्याचा दाखला देणं नव्हे. आणि पीडिताच्या दृष्टीने पाहिलं तरी प्रक्रियेतल्या चुकीमुळे पुढे रद्द होणारी शिक्षा ही शिक्षा न झाल्यासारखीच असते. पत्राशिवाय दुसरा मार्ग म्हणजे गाजावाजा. चॅनेलवाल्यांना बोलवायचं, व्हिडिओ टाकायचा. त्याबद्दल मात्र मी सावध आहे. धुळे जिल्ह्यातला एक जवान २९ सप्टेंबर २०१६ रोजी नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानच्या हाती सापडला, २१ जानेवारी २०१७ रोजी परत आला तेव्हा साऱ्या राज्याने आनंद केला, आणि त्याच वर्षी लष्करी न्यायालयाने त्याला ८९ दिवसांची कैद सुनावल्यावर तितकंच सारं राज्य हळहळलं. त्या हळहळीचा खटल्यावर परिणाम झाला नाही, व्हायलाही नको होता. सेवेत असलेल्या जवानाने परवानगीशिवाय वृत्तपत्रांशी बोलणं हाच वेगळा गुन्हा होऊ शकतो. घरच्यांनी त्याच्या तोंडी घातलेलं वाक्यही त्याच्याच गळ्यात पडतं.

राहिला प्रश्न रचनेचा. ज्यांच्याकडून आपण हा कायदा घेतला त्या ब्रिटिशांनी तो बदलला आहे. १९९९ मध्ये हूड नावाच्या सैनिकाच्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ठरवलं की शिस्तीची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो सीओ अटकेबाबत तटस्थ असू शकत नाही. आज तिथे ४८ तासांपुढे ठेवायचं तर ‘जज ॲडव्होकेट’, म्हणजे लष्करी शिडीबाहेरचा न्यायाधीश, परवानगी देतो. अमेरिकेत ४८ तासांत पहिली छाननी आणि सात दिवसांत तटस्थ अधिकाऱ्याकडून दुसरी. तरीही तिथे चुका होतात: गोपनीय कागद फोडल्याच्या आरोपाखाली अटकेत असलेल्या अमेरिकी सैनिक चेल्सी मॅनिंग यांना क्वांटिकोच्या मरीन तुरुंगात गरजेपेक्षा कडक कोंडलं होतं असं लष्करी न्यायाधीशांनीच जानेवारी २०१३ मध्ये ठरवलं आणि होणाऱ्या शिक्षेतून ११२ दिवस वजा केले. मॅनिंग यांनी केलेलं बरोबर होतं की देशद्रोह, याचा त्या हिशेबाशी संबंध नव्हता. ही वजावट झाली ती वकिलाने कोठडीतल्या रोजच्या वागणुकीची नोंद न्यायालयापुढे मांडली म्हणून. आपल्याकडे सियाचीनच्या पायथ्याशी न्यायाधीश कुठून आणायचा, असं विचारलं जाईल. ब्रिटिश कायद्याने कोठडीची अशी सुनावणी थेट दृक्‌श्राव्य जोडणीवरून घेण्याची सोय ठेवली आहे, आणि आपली तालुका न्यायालयं तुरुंगातल्या कैद्यांची हजेरी रोज पडद्यावर घेत असतात. ४८ तासांच्या कलमात सीओंनी ज्यांना कळवायचं त्या यादीत शिडीबाहेरचं एक नाव घालायला एका दुरुस्तीपेक्षा जास्त काही लागणार नाही. १६९-अ घालतानाही तेवढंच लागलं होतं.